ब्रियाँसों: सरहद्द घाटमाथ्यावर कशी आली

फ्रेंच आल्प्समधले ब्रियाँसों हे १,३२६ मीटर उंचीवरचे, जेमतेम अकरा-बारा हजार वस्तीचे गाव. मोंजनेव्रची खिंड चढून गेले की लगेच इटली. तटबंदी, बुरूज, डोंगरमाथ्यांवर एकाहून एक उंच किल्ले, हे सगळे पाहून वाटते की हे गाव सरहद्द राखायलाच वसवले असावे. प्रत्यक्षात गाव रोमनांच्या काळापासूनचे आहे आणि सरहद्द खिंडीत येऊन बसली ती १७१३ मध्ये.

त्याआधी ही खिंड म्हणजे घरातलाच उंबरठा होता. २९ मे १३४३ रोजी दोफिने प्रांताचा कर्जात बुडालेला सत्ताधीश उंबेर दुसरा याने इथल्या गावांना सनद दिली. गावकऱ्यांनी १२,००० सोन्याचे फ्लोरिन मोजले, शिवाय दरसाल ठरलेली रक्कम देण्याचे कबूल केले. बदल्यात सरंजामी जाचातून सुटका आणि आपले कारभारी आपणच निवडण्याचा हक्क मिळवला. कर कोणी किती भरायचा हेही तेच ठरवत. कराच्या या वाटणीवरूनच अशा गावगटांना ‘एस्कार्तों’ नाव पडले. असे पाच गट होते, दोन खिंडीच्या अलीकडे आणि तीन पलीकडे. सहा वर्षांत दोफिने फ्रान्सच्या राजघराण्याकडे गेला, तरी सनद टिकली.

या डोंगराळ मुलखात साक्षरता मैदानी भागापेक्षा बरीच जास्त होती. हिवाळ्यात इथले मास्तर शिकवणीचे काम शोधत खाली उतरत आणि बाजारात टोपीला पिसे खोचून उभे राहत. एक पीस म्हणजे लिहिणे-वाचणे, दुसरे असेल तर हिशेबही, आणि तीन पिसांचा मास्तर लॅटिनही शिकवणारा. जाहिरातीची याहून सुटसुटीत तऱ्हा माझ्या तरी ऐकण्यात नाही.

१६९२ मध्ये दोन संकटे आली. जानेवारीत आगीत बहुतेक गाव जळाले आणि उन्हाळ्यात शेजारच्या सॅव्हॉय राज्याच्या ड्यूकची फौज या डोंगराळ भागात घुसली. चौदाव्या लुईने आपला दुर्गतज्ज्ञ वोबाँ याला पाठवले. त्याने तटबंदीचे आराखडे केले, पण भोवतालच्या डोंगरांवरचे मोठे किल्ले उभे राहिले ते त्याच्या मृत्यूनंतर, १७१३ मध्ये फ्रान्स आणि सॅव्हॉय यांच्यात झालेल्या उट्रेक्टच्या तहामुळे.

तहाचा नियम साधा होता: घाटमाथ्यावरचे पाणी जिकडे वाहते, तिकडचा मुलूख त्या बाजूच्या राजाचा. द्युराँस नदीचे खोरे फ्रान्सकडे राहिले आणि दोरा रिपारियाचे सॅव्हॉयकडे गेले. पलीकडचे तिन्ही गट एका सहीने परके झाले. नकाशावर नियम चोख दिसतो, पण ज्यांची सोयरीक आणि बाजारहाट दोन्ही उतारांवर होती त्यांना पाणी कुठे वाहते याच्याशी काय देणेघेणे? आता ब्रियाँसों थेट तोंडावर आले. १७२० नंतर किल्ल्यांचे काम धडाक्याने सुरू झाले आणि द्युराँसच्या घळीवर ५६ मीटर उंचीचा आस्फेल्ड पूल बांधला गेला. वॉटर्लूनंतर १८१५ मध्ये वेढा पडला तेव्हाही गाव शत्रूच्या हाती लागले नाही. उरलेल्या दोन गटांची सनद मात्र फ्रेंच राज्यक्रांतीत इतर विशेषाधिकारांबरोबर गेली.

पुढे इटलीने खिंडीजवळच्या शाबेर्तोंच्या ३,१३१ मीटर उंच शिखरावर आठ तोफांचे ठाणे उभारले. २१ जून १९४० रोजी फ्रेंच तोफखान्याने खालून मारा करून त्यातल्या सहा तोफा निकामी केल्या. १९४७ च्या तहात ते शिखरच फ्रान्सला मिळाले. पाण्याचा नियम तिथे कोणाला आठवला नाही. २००८ मध्ये इथली तटबंदी आणि किल्ले वोबाँच्या इतर दुर्गांसह जागतिक वारसा यादीत गेले.

नोव्हेंबर २०१५ पासून फ्रान्सने सीमेवरची तपासणी पुन्हा सुरू केली. त्यानंतर आफ्रिकेतून, पुढे अफगाणिस्तानातूनही आलेले स्थलांतरित पोलिसांना चुकवत रात्री बर्फातून याच खिंडीने ब्रियाँसोंकडे उतरू लागले. गावकऱ्यांपैकी काहींनी त्यांना निवारा दिला, काही शोधायला डोंगरात गेले. एप्रिल २०१८ मध्ये इटलीतल्या क्लाव्हिएरेहून ब्रियाँसोंपर्यंत निघालेल्या मोर्चाबरोबर स्थलांतरितांनीही सीमा ओलांडली, म्हणून सात जणांवर खटला भरला गेला. डिसेंबरमध्ये ते दोषी ठरले. २०२१ मध्ये ग्रेनोब्लच्या अपील न्यायालयाने सातही जणांना निर्दोष सोडले.