व्हिक्टोरिया मॅन्शन
व्हिक्टोरिया मॅन्शन (मोर्स-लिबी निवास) : अमेरिकेच्या मेन राज्यातील पोर्टलंड शहरात डॅनफर्थ रस्त्यावर उभी असलेली, तपकिरी वालुकाश्माने मढवलेली इटालियन धाटणीची हवेली. न्यू हेवन येथील वास्तुशिल्पी हेन्री ऑस्टिन याने तिचा आराखडा केला आणि 1858 ते 1860 या काळात ती बांधली गेली. इटालियन मनोऱ्याची दगडी हवेली हा व्हिक्टोरियाकालीन प्रकार बाह्यांग आणि अंतरंग या दोन्ही दृष्टींनी इतका अभंग अवस्थेत अमेरिकेत क्वचितच पाहायला मिळतो.

हा प्रकार मूळचा इंग्लंडमधील होय. रोमच्या आसपासच्या ग्रामीण प्रदेशाची निसर्गचित्रे इंग्रज धनिकांच्या घरी अठराव्या शतकापासून लागलेली होती. त्या चित्रांतील उतरत्या छपरांची, एका अंगाला मनोरा असलेली घरे इंग्रज वास्तुशिल्पी जॉन नॅश याने श्रॉपशरमधील क्रॉनखिल येथे 1802 च्या सुमारास प्रथम प्रत्यक्षात आणली. पुढे व्हिक्टोरिया राणीसाठी आइल ऑफ वाइट बेटावर ऑझबर्न हाउस (1845–51) उभे राहिले आणि या शैलीला राजमान्यता मिळाली. ऑझबर्नच्या भिंती मात्र विटांच्या असून त्यांच्यावर दगडाचा भास होईल असा सिमेंटचा गिलावा आहे. पोर्टलंडच्या हवेलीतही आतले बांधकाम विटांचेच आहे, पण दर्शनी आवरण खऱ्या घडीव दगडाचे आहे.

घराचा मूळ मालक रगल्स सिल्व्हेस्टर मोर्स हा मेनमध्येच जन्मला आणि दक्षिण अमेरिकी संस्थानांतील न्यू ऑर्लीन्स शहरामध्ये हॉटेलांच्या व्यवसायात श्रीमंत झाला. त्या शहराची तेव्हाची भरभराट कापसाच्या आणि गुलामांच्या व्यापारावर उभी होती. या घराच्या वैभवाचा विचार करताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. दक्षिणेतील उन्हाळा टाळून राहण्यासाठी मोर्सने आपल्या मूळ राज्यात हे घर बांधून घेतले.

रचनेचा कणा म्हणजे चार मजली चौकोनी मनोरा. त्याच्या दोन्ही अंगांचे भाग मुद्दामच एकसारखे ठेवलेले नाहीत. कोठे भिंत पुढे येते, तर कोठे मागे सरते. अशा विषम मांडणीला तोल हवा असतो आणि तो या उभ्या रेषेने मिळतो. मनोरा काढून टाकल्याची कल्पना केली, तर उरलेले घर विस्कळीत वाटेल. भिंतीबाहेर बरीच आलेली छपराची वळचण, तिला खालून तोलणारे जाडजूड नक्षीदार तोडे, स्तंभयुक्त ओसऱ्या आणि अलंकृत खिडक्या ही या शैलीची इतर लक्षणे येथे ठसठशीतपणे दिसतात. सपाट भिंतीवर दिवसभर हलत राहणाऱ्या त्यांच्या सावल्या हाही या वास्तूच्या परिणामाचा मोठा भाग आहे.

दगड कनेक्टिकट राज्यातील खाणींतून आणलेला आहे. योगायोगाने त्या खाणींच्या गावाचे नावही पोर्टलंडच असल्यामुळे वाचकांचा कधी कधी घोटाळा होतो. लोहाच्या ऑक्साइडमुळे चॉकलेटी झालेला हा वालुकाश्म मऊ असतो, छिन्नीला सहज वश होतो आणि त्यावर बारीक कोरीवकाम करता येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्कसह ईशान्य अमेरिकेतील शहरांत त्याची मोठी चलती होती. तथापि जो गुण कारागिराच्या सोयीचा, तोच इमारतीच्या मुळावर येतो. हा दगड थरांनी बनलेला असतो. थर उभे ठेवून तो भिंतीत बसवला किंवा त्याच्या सांध्यांत पाणी मुरले, की हिवाळ्यात त्या पाण्याचे बर्फ होते, ते फुगते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. बोट लावताच कोरलेल्या पानाची कड तांबूस वाळू होऊन तळहातावर उतरावी, अशी अवस्था अनेक ठिकाणच्या जुन्या वालुकाश्माची झालेली आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या इमारती पाहणाऱ्याला दगडाचा हा हळवेपणा चटकन उमगत नाही. समुद्रकाठच्या या थंड शहरात सर्वाधिक वारा, पाऊस आणि हिम झेलणारा भाग मनोराच असल्याने जतनाच्या कामात त्याची दुरुस्ती अटळ ठरली. त्यातच कनेक्टिकटच्या मूळ खाणी 1936 च्या पुरात बुडाल्या होत्या. त्यामुळे मेळ खाणारा दगड मिळवणे हा या कामातील अवघड भाग होय.

अंतर्भागाची सजावट न्यूयॉर्कच्या गुस्ताव्ह हर्टर याने केली. फर्निचर, लाकूडकाम आणि गालिचे ही सर्व एकाच कल्पनेतून मांडलेली असून त्याच्या कामांपैकी आज अखंड उरलेले हे एकमेव काम होय. भिंती आणि छते जुझेप्पे ग्विदिचीनी याने रंगवली. त्याने सपाट पृष्ठभागावर उठावाच्या नक्षीचा हुबेहूब आभास निर्माण केला आहे. दालनागणिक शैली बदलते. ग्रंथालय गॉथिक वळणाचे आहे, तर धूम्रपानाचे दालन तुर्की पद्धतीचे असून इस्लामी अलंकरणाने नटलेल्या अमेरिकेतील आरंभीच्या दालनांपैकी ते एक आहे. मध्यभागी महोगनीचा भव्य जिना असून त्यावर रंगीत काचांच्या छतझरोक्यातून उजेड पडतो. गॅसचे दिवे आणि नळाचे गरम व थंड पाणी या त्या काळातील नवलाईच्या सोयीही येथे होत्या.

मोर्सच्या मृत्यूनंतर (1893) त्याच्या पत्नीकडून जे. आर. लिबी या व्यापाऱ्याने सामानसुमानासह घर विकत घेतले. लिबी कुटुंबाने आतील मांडणीला फारसा हात लावला नाही. आज मूळ वस्तूंपैकी सुमारे 90 टक्के वस्तू जागेवर आहेत, त्याचे श्रेय प्रामुख्याने या संयमाला द्यावे लागते. 1920 च्या दशकाच्या अखेरीस घर रिकामे पडले आणि पुढे ते पाडून तेथे पेट्रोल पंप उभारण्याचा घाट घातला जात होता. तेव्हा विल्यम होम्स या निवृत्त शिक्षकाने ते विकत घेऊन वाचवले, व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ त्याला आजचे नाव दिले आणि 1941 मध्ये संग्रहालय म्हणून ते लोकांसाठी खुले केले. 1970 मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा देण्यात आला.