क्लोबेटासोन की क्लोबेटासोल? स्वस्तातली ट्यूब घेण्याआधी

"तेच औषध आहे हो, कंपनी फक्त वेगळी." दुकानदाराच्या तोंडून हे ऐकलं की मी चिठ्ठी परत मागून घेते आणि ट्यूबच्या खोक्याशेजारी धरून वाचते. पुष्कळदा तो खरंच सांगत असतो. पण स्टेरॉइडच्या मलमात एखाद्या वेळी चूक झाली, तर किंमत कातडी मोजते.

जेनेरिक म्हणजे काय, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. औषध तेच, ब्रँडचं नाव नाही, भाव कमी. जनऔषधी केंद्रातून मीही घेते आणि इतरांनाही सांगते. घोळ होतो तो 'तेच' कशाला म्हणायचं, यात.

माझ्या सात वर्षांच्या भाचीला गुडघ्यामागच्या लवणीत इसब आहे. डॉक्टरांनी लिहिलं होतं क्लोबेटासोन ब्युटिरेट 0.05 टक्के. घरी आलं क्लोबेटासोल प्रोपिओनेट 0.05 टक्के. नाव जवळपास तेच, टक्का तोच, वर पैसेही वाचले म्हणून वहिनी खूश. बारीक अक्षरं उजेडात धरली तेव्हा 'सोन'च्या जागी 'सोल' दिसलं.

त्या एका अक्षरात दोन पायऱ्यांचं अंतर आहे. ही मलमं ताकदीप्रमाणे चार गटांत लावतात: सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र. क्लोबेटासोन मध्यम आहे, ब्रिटनमध्ये तर त्याची छोटी ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळते. क्लोबेटासोल अतितीव्र, म्हणजे सगळ्यांत वरचं. ते सहसा सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावत नाहीत, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना शक्यतो देत नाहीत. चेहरा, काख, जांघ, सांध्यांच्या घड्या अशा पातळ किंवा झाकल्या कातडीवर ते आपल्या मनाने लावत राहिलं तर कातडी विरते आणि ताणल्यासारखे पट्टे उमटतात. ते पट्टे पुन्हा जात नाहीत.

"टक्का सारखाच आहे ना?" हा प्रश्न मला खरोखर छळतो. टक्का फक्त एकाच औषधाच्या दोन ट्यूबांत ताडून बघायचा असतो. हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का सौम्य आहे आणि क्लोबेटासोल 0.05 टक्के अतितीव्र, आकडा वीसपट लहान असूनही. नावामागचा शब्दही गाळू नका. हायड्रोकॉर्टिसोन ब्युटिरेट 0.1 टक्का हे साध्या हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य नाही, ते तीव्र गटात बसतं.

म्हणून 'तेच' म्हणजे पूर्ण नाव तेच, टक्का तोच, क्रीमला क्रीम आणि ऑइंटमेंटला ऑइंटमेंट. आणि आत दुसरं काही मिसळलेलं नको. ब्रँडच्या नावापुढे एखाददुसरं अक्षर जोडलेलं असलं तर बहुतेक वेळा आत बुरशीचं औषध किंवा अँटिबायोटिकही असतं. या मिश्रणांचा मला मनस्वी राग आहे. नायट्यावर ती लावली की खाज थांबते, लाली उतरते, माणूस निर्धास्त होतो आणि स्टेरॉइडच्या आडोशाने नायटा पसरत जातो.

पैसे वाचवायचे तर डॉक्टरांकडेच सांगा, "जेनेरिक नाव मोठ्या अक्षरांत लिहा." दिवसातून एकदा लावून भागेल का, तेही विचारा, पुष्कळदा भागतं. भाव ट्यूबचा बघू नका, ग्रॅमचा बघा. मात्र लागणार किती, हे आधी मोजा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी क्रीमची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. तेवढ्या जागेवर क्लोबेटासोल रोज एकदा, दोन आठवडे लावलं तर सात ग्रॅम लागतात. मग 30 ग्रॅमची ट्यूब ग्रॅममागे स्वस्त असली तरी 15 ग्रॅमचीच घ्या. उरलेली मोठी ट्यूब कपाटात पडून राहते आणि सहा महिन्यांनी घरातलं कुणीतरी ती तोंडावरच्या डागांना लावतं.