शंटिंगचं छोटं इंजिन सांध्यावरच काहून थांबते?

कोळशाच्या सायडिंगवरच्या शंटिंगचे, म्हणजे वाघिणी इकडून तिकडं हलवण्याचे, रील्स आजकाल खूप फिरतात आणि त्याखाली एक कमेंट हमखास असते, की एवढंसं इंजिन अख्खी रेक म्हणजे वाघिणींची पूर्ण रांग कशी ओढते, नक्कीच मागून दुसरं कोणी ढकलत असेल. आमच्या वणी-घुग्घुसच्या पट्ट्यात खाणी आहेत, रोज कुठं ना कुठं वाघिणी हलताना दिसतात, तरी इथंही लोक हेच बोलतात. मला या शंटिंग इंजिनांचं वेड आहे, खऱ्यांचं पण अन त्यांच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या मॉडेलचं पण, म्हणून आधी हा गैरसमज काढतो आणि मग मॉडेलकडं येतो, कारण खरी मजा तिथं आहे.

इंजिन किती ओढते हे हॉर्सपॉवरवर ठरत नाही. हॉर्सपॉवर सांगते की ओढलेलं वजन किती वेगानं जाईल. किती ओढता येईल ते ठरवते चाकांवरचं वजन, कारण पोलादी चाक पोलादी रुळाला कोरड्या हवेत साधारण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच धरून ठेवते, त्यापेक्षा जास्त जोर लावला की चाक जागेवर फिरते. ब्रिटिश रेल्वेचं क्लास ०८ हे शंटिंग इंजिन बघा, १९५२ ते १९६२ मध्ये ९९६ बनली, ताकद फक्त ३५० हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या मोठ्या ट्रकच्या आसपास, पण वजन ५० टनांच्या घरात आणि ओढ जवळजवळ १६ टनांची. सपाट सरळ रुळावर वाघिणीचा रोध तिच्या वजनाच्या अर्धा टक्का धरला तर १६ टनांची ओढ ३,२०० टनांना हलवते, म्हणजे आपल्याकडच्या पस्तीसेक भरलेल्या वाघिणी. वेग मात्र ताशी २४ ते ३२ किमी, त्याच्या वर नाही. आपल्या चित्तरंजनच्या कारखान्यातल्या डब्ल्यूडीएस-४ या डिझेल शंटिंग इंजिनाचं तत्त्व तेच, वजन ६० टन, सहा चाकं दांड्यांनी एकमेकांना जोडलेली म्हणजे एकटं चाक घसरूच शकत नाही. डब्ल्यूडीएस-६ तर १२६ टनांच्या आसपास.

आता मॉडेल. जमवणारे बहुतेक एचओ म्हणजे १:८७ किंवा ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६ मध्ये जमवतात, दोन्हीचा रूळ १६.५ मिमीचा. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची, ती १:८७ ला १९.३ मिमी यायला पाहिजे, त्यामुळं भारतीय इंजिन करायचं तर बाहेरची सहा चाकांची चॅसी म्हणजे खालचा सांगाडा घ्यायचा, वर प्लास्टिक शीटची बॉडी चढवायची आणि रुळाच्या रुंदीत तडजोड करायची. जुनं मॉडेल घेताना चॅसीवर बारीक भेगा आहेत का ते बघा. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली असेल तर दमट हवेत ते आतून फुगते अन भुगा होतो, त्याला इलाज नाही, असं मॉडेल घेऊच नका.

मॉडेल पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो: भाऊ, एवढ्या पैशाचं इंजिन, अन ते मधेच थांबते काहून?

तर लांबी ८७ पट कमी केली की आकारमान, आणि म्हणून वजन, ८७ गुणिले ८७ गुणिले ८७ म्हणजे ६,५८,५०३ पट कमी होते. ६० टनांचं इंजिन ९१ ग्रॅमवर येते. इंग्लंडच्या रस्टन अँड हॉर्न्सबीचं ४८ डीएस नावाचं चिमुकलं कारखान्याचं इंजिन आहे, खरं साडेसात टन, ते १:७६ मध्ये हिशेबानं १७ ग्रॅम होते. मॉडेलमध्ये धातू ठासून भरतात म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त भरते, पण रुळावरची धूळ, काजळी, गंज काही ८७ पट लहान होत नाही ना. चाकाच्या टोकावर एवढंसं वजन, रुळातली वीज त्यातूनच मोटरला जाणार, मधे काजळीचा पापुद्रा आला की संपलं.

पण याहून भारी गोष्ट पुढं आहे आणि माझा सगळा जीव तिच्यात अडकलेला आहे. खरं इंजिन ताशी १५ किमीनं चाललं आहे आणि ड्रायव्हरनं पॉवर काढली, अर्धा टक्का रोध धरला तर ते घरंगळत १७५ मीटरच्या आसपास जाईल. मॉडेलमध्ये हे अंतर ८७ नं भागून २ मीटर यायला पाहिजे. येते किती? वेग ८७ पट कमी म्हणजे सेकंदाला ४८ मिमी. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते, तर दर किलोमागं ती ७,५६९ पट कमी झाली. रोध दर किलोमागं तेवढाच राहिला, कारण गुरुत्वाकर्षण काही छोटं झालं नाही. मग घरंगळण्याचं अंतर पण ७,५६९ पट कमी, उत्तर येते २३ मिमी. दोन मीटर पाहिजे होते, मिळाले सव्वादोन सेंटिमीटर. आणि तेही मिळत नाहीत, कारण मॉडेलमध्ये मोटरपासून चाकापर्यंत वर्म गिअर असते, मोटर चाकाला फिरवू शकते पण चाक मोटरला फिरवू शकत नाही, म्हणून वीज गेली की चाक तिथल्या तिथं लॉक. लहान इंजिनाजवळ वाट पाहायला वेळच नाही, खऱ्या इंजिनाला जे अंतर जडत्व फुकटात पार करून देते ते याला प्रत्येक मिलिमीटर वीज घेऊन पार करावं लागते.

आता हे इंजिन सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागी, न्या. सांध्यात जिथं दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या व्ही आकाराच्या तुकड्याला फ्रॉग म्हणतात, बऱ्याच सांध्यांत तो प्लास्टिकचा असतो, शॉर्ट होऊ नये म्हणून. चार चाकांचं इंजिन, त्यातलं एक चाक फ्रॉगवर, त्याच बाजूचं दुसरं चाक धुळीमुळं जरा उचललेलं, बस, थांबलं. आणि दर वेळी त्याच जागेवर थांबते. आमच्याकडं रोडच्या एखाद्या वळणावर दोन गाड्या बंद पडल्या की तिथं लगेच लिंबू-मिरची अन नारळ येते, जागा वाईट आहे म्हणतात. जागा ठरलेली असली की कारण त्याच जागेत असते, हे तर खरं आहे, पण म्हणूनच ते शोधायला सोपं असते. मल्टिमीटरची एक सुई रुळावर अन एक फ्रॉगवर ठेवा, काटा हलत नाही, झालं निदान. वळणावर पण खड्डा, उतार, आंधळा कोपरा मोजा ना बाप्पा, नारळ कशाला.

दुरुस्तीत पहिलं काम म्हणजे चारही चाकं रुळाला टेकवणं. कडक चॅसीची चार चाकं एकाच वेळी टेकत नाहीत, उंचसखल अंगणात बाज ठेवली की एक पाय अधांतरी राहतो तसंच. तीन बिंदूंतून मात्र एक प्रतल नेहमी जाते, म्हणून एक आस पक्की ठेवायची आणि दुसरी मधोमध एका खिळीवर डुलती करायची, म्हणजे इंजिन तीन बिंदूंवर उभं राहते आणि चारही चाकं रूळ सोडत नाहीत. मग चाकाच्या मागच्या बाजूला फॉस्फर ब्राँझची केसासारखी बारीक तार सोल्डर करून टेकवायची, वीज उचलायला. दाब कमी पडला तर संपर्क तुटते, जास्त झाला तर तीच तार ब्रेक होते, बोटानं चाक फिरवून अंदाज घ्यावा लागते. आणि आमच्या भागातली खास अडचण म्हणजे कापूस. वेचणीच्या दिवसांत घरात गाठोडी असतात, तंतू उडतात आणि चाकामागं आसेवर असे गुंडाळतात की भिंग लावल्याशिवाय दिसत नाहीत, इंजिन नुसतं जड चालायला लागते. चिमट्यानं एकेक तंतू ओढून काढा, तेल टाकत बसू नका, तेलात तंतू भिजून आणखी घट्ट होतात.

वजन वाढवायला शिसं सोपं, चारचाकीच्या व्हील बॅलन्सिंगचे तुकडे टायरच्या दुकानात मिळतात. शिशाची घनता घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, टंगस्टनची १९.३, म्हणून जागा अगदीच नसेल तर टंगस्टनचे तुकडे. शिसं पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदात भरू नका, त्यातल्या आम्लामुळं शिशावर क्षार धरतो, तो फुगतो आणि काही वर्षांत बॉडी फोडतो. एपॉक्सी वापरा, शिसं घासू नका, हात धुवा, पोट्ट्यांपासून दूर ठेवा.

आता वेळेचं काय, म्हणजे वीज तुटल्यावर क्षणभर चालत राहायचं कसं? बरेच लोक म्हणतात फ्लायव्हील, म्हणजे मोटरसोबत फिरणारी जड चकती, लावा. मोठ्या इंजिनात ठीक आहे, शंटरमध्ये दोन अडचणी. एकाच जाडीच्या चकतीचा व्यास अर्धा केला की तिचं जडत्व १६ पट कमी होते, आणि एवढ्याशा बॉडीत मोठी चकती मावत नाही. दुसरं, साठवलेली ऊर्जा फिरण्याच्या वेगाच्या वर्गावर, म्हणजे इंजिन रांगत असताना, जेव्हा गरज सगळ्यात जास्त, तेव्हाच फ्लायव्हील रिकामं. (फ्लायव्हील अन जनरेटर जोडून फुकट वीज काढणारे रील्स पण येतात, ते बघून कोणी पैसे पाठवू नका, जेवढी घातली त्यापेक्षा कमीच निघते.)

म्हणून कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा पुर्जा. डीसीसी म्हणजे रुळातूनच इंजिनाला डिजिटल हुकूम द्यायच्या पद्धतीत रुळावर पूर्ण व्होल्टेज कायम असते आणि वेग इंजिनातला डिकोडर, म्हणजे हुकूम वाचणारी छोटी चिप, ठरवते, त्यामुळं डिकोडरच्या रेक्टिफायरनंतर (वीज एकाच दिशेची करणाऱ्या भागानंतर) कपॅसिटर लावता येते. साध्या डीसी कंट्रोलरवर दिशा बदलली की ध्रुव उलटतात, तिथं हे सरळ चालत नाही. हिशेब असा: रुळावर १४ व्होल्ट, मोटर ६ व्होल्टपर्यंत चालते, म्हणजे वापरायला ८ व्होल्ट. डिकोडर धरून करंट ०.१ अँपिअर. वेळ म्हणजे कपॅसिटन्स गुणिले ८ भागिले ०.१. इलेक्ट्रिकच्या दुकानातला १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर ०.०८ सेकंद. शंटिंगचा ताशी ५ किमी वेग १:८७ मध्ये सेकंदाला १६ मिमी, म्हणजे या कपॅसिटरनं इंजिन सव्वा मिलिमीटर गेलं. फ्रॉगचे २० मिमी पार करायला सव्वा सेकंद पाहिजे, त्याला १५,६०० मायक्रोफॅरड लागतात. आता सुपरकपॅसिटर बघा, २.७ व्होल्टचे १ फॅरडवाले सहा सिरीजमध्ये, १६.२ व्होल्ट झेपतात, एकूण एक षष्ठांश फॅरड, वेळ निघते १३ सेकंद! लाईन गेल्यावर पण इंजिन वीतभर चालत राहते, बघणारे चाट पडतात.

फक्त हे सहा एकदम चार्ज व्हायला लागले तर कंट्रोलरला शॉर्ट वाटते आणि तो बंद होतो. म्हणून चार्ज होताना १०० ओमचा रेझिस्टर मधे ठेवायचा, करंट ०.१४ अँपिअरवर अडते, आणि त्याला समांतर एक डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा), म्हणजे वीज बाहेर येताना रेझिस्टर आडवा येत नाही. पूर्ण भरायला मिनिटभर लागते, तेवढं थांबा. सहाही कपॅसिटरवर व्होल्टेज सारखं वाटलं जाईल असं बॅलन्सिंग करा, नाहीतर एकावर २.७ च्या वर जाते आणि तो जातो.

एवढं सगळं ४८ डीएसच्या बॉडीत मावत नाही. हॉर्नबी या ब्रिटिश मॉडेल कंपनीनं आपल्या ४८ डीएस सोबत वीज उचलणारी एक छोटी सपाट वाघीणच जोडून दिली, ती कल्पना मला फार आवडते, कारण चाकं दुप्पट झाली. घरी करताना तशाच वाघिणीत कपॅसिटर ठेवा, वर कोळशाचा ढीग चिकटवा आणि दोन बारीक लवचिक तारा इंजिनात घ्या. बॉडी पीएलए या प्लास्टिकची थ्रीडी प्रिंट केली असेल तर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, पीएलए ६० अंशाच्या आसपास मऊ पडते आणि आमच्याकडं मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जाते. आणि डिकोडरचा पत्ता, म्हणजे कंट्रोलर त्याला ज्या नंबरनं ओळखते तो, बदलायचा असेल तेव्हा त्या तारांचा प्लग काढून घ्या, कपॅसिटर लागलेला असला की प्रोग्रॅमिंग रुळावर, म्हणजे डिकोडरची सेटिंग करायच्या वेगळ्या रुळावर, बऱ्याचदा डिकोडरचं उत्तर वाचता येत नाही.