राब भाजल्याने जमिनीचा कस वाढतो का?

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड-शहापूरकडच्या भातशेतीत पावसाळ्यापूर्वी रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत आणि फांद्या पसरून राब भाजला जातो, आणि ‘भाजलेली जमीन कसदार होते’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यामागे अनुभव आहे, हे आधी मान्य केले पाहिजे: उष्णतेने तणांचे बी मरते, राखेतून पालाश (पोटॅश) मिळते आणि रोपे जोमदार दिसतात. परंतु साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे सेंद्रिय पदार्थांतील नत्र वायुरूपाने उडून जाऊ लागते, आणि ज्या कर्बावर (कार्बनवर) बुरशी, जिवाणू व गांडुळे जगतात तो धुरात संपतो. शेण जाळणे तर मला सर्वांत क्लेशदायक वाटते, कारण तेच कुजवले असते तर मातीतील जीवसृष्टीला कित्येक महिने अन्न मिळाले असते.

राबाविना रोप येत नाही, हेही खरे नाही. गादीवाफ्यात, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यात, कुजलेले शेणखत मिसळून पेरलेले बी चांगले उगवते. तण मात्र काढावे लागते, आणि मजुरीची ही अडचण खरी आहे. शेजारच्या रायगड जिल्ह्यात नेरळ येथे विकसित झालेल्या सगुणा राईस तंत्रात तर चिखलणी आणि लावणी दोन्ही टाळून कायमच्या गादीवाफ्यांवर भात टोकतात. त्यातील तणनाशकाचा वापर मला खटकतो, तरीही कापणीनंतर जमिनीतच राहू दिलेली मुळे जागच्या जागी कुजून गांडुळांना खाद्य आणि पाण्याला मुरायला वाट देतात.