गुन्नर थोरोडसेन

थोरोडसेन, गुन्नर (२९ डिसेंबर १९१०–२५ सप्टेंबर १९८३) : आइसलँडचे कायदेपंडित आणि १९८० ते १९८३ या काळातील पंतप्रधान. जन्म राजधानी रेक्याविक येथे. आइसलँडमध्ये आडनावाऐवजी वडिलांच्या नावापुढे ‘सन’ किंवा ‘दोत्तिर’ जोडून नाव लावतात. थोरोडसेन हे मात्र घराण्याचे आडनाव. तरी तेथील रीतीप्रमाणे लोक त्यांना गुन्नर म्हणूनच ओळखतात.

कायद्याची पदवी घेतली त्याच वर्षी, १९३४ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी ते स्वातंत्र्य पक्षातर्फे आल्थिंग या संसदेवर निवडून गेले. तोवर इतक्या कमी वयाचा सदस्य संसदेने पाहिला नव्हता. १९४० मध्ये आइसलँड विद्यापीठात ते कायद्याचे प्राध्यापक झाले, १९४७ मध्ये रेक्याविकचे महापौर. हे पद त्यांनी बारा वर्षे सांभाळले. पुढे १९५९ ते १९६५ ते अर्थमंत्री होते. आयात-निर्यातीवरील जुनी बंधने सैल करणारे आणि क्रोना या आइसलँडच्या चलनाचे अवमूल्यन करणारे हे सरकार होते.

पक्षाच्या आदेशापेक्षा स्वतःच्या निर्णयाला मान देणे हा त्यांचा स्वभाव १९५२ मध्येच दिसला होता. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने दुसऱ्याच उमेदवाराला पाठिंबा दिला असताना गुन्नर सासरे आस्गेइर आस्गेइरसन यांच्या बाजूने उभे राहिले आणि आस्गेइर निवडून आले. १९६८ मध्ये गुन्नर स्वतः त्या पदासाठी उभे राहिले. राष्ट्रीय संग्रहालयाचे प्रमुख, पुरातत्त्वज्ञ क्रिस्त्यान एल्द्यार्न यांनी त्यांचा दणदणीत पराभव केला. गुन्नर यांना जेमतेम एकतृतीयांश मते मिळाली.

याच सुमारास, डेन्मार्कमध्ये राजदूत असताना, त्यांनी अब्रूनुकसानीच्या कायद्यावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. राजकारणात आयुष्य घालवलेल्या माणसाने नेमका हा विषय निवडावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९७० मध्ये ते काही महिने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. पण १९७१ मध्ये ते पुन्हा आल्थिंगमध्ये आले, विद्यापीठात काही वर्षे शिकवले आणि १९७४ ते १९७८ मंत्री राहिले.

डिसेंबर १९७९ च्या निवडणुकीनंतर कोणालाच सरकार बनवता येईना. तेव्हा पक्षाचे उपाध्यक्ष असलेल्या गुन्नर यांनी पक्षाध्यक्ष गेइर हॉल्ग्रिमसन यांना डावलून प्रागतिक पक्ष आणि डाव्या लोकआघाडीशी हातमिळवणी केली. त्यांच्याबरोबर स्वपक्षाचे मोजकेच सदस्य आले. बाकीचा पक्ष विरोधी बाकांवर बसला. एकाच पक्षाचा उपाध्यक्ष पंतप्रधान आणि अध्यक्ष विरोधात, असे हे विलक्षण चित्र होते. फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांना पंतप्रधानपदी नेमले ते राष्ट्राध्यक्ष एल्द्यार्न यांनी, म्हणजे बारा वर्षांपूर्वी त्यांना हरवणाऱ्या प्रतिस्पर्ध्याने.

सत्तेचा काळ मात्र महागाईने पोखरला. १ जानेवारी १९८१ रोजी १०० जुन्या क्रोनांचा एक नवा क्रोना करण्यात आला, तरी किमती थांबल्या नाहीत. १९८३ मध्ये महागाईचा दर वर्षाला ८० टक्क्यांच्या पुढे गेला. संसदेतले निसटते बहुमतही टिकले नाही. या सगळ्यात त्यांचे मन गुंतले होते ते राज्यघटनेत. १९४४ ची घटना डेन्मार्कच्या राजेशाहीतल्या घटनेवरून बेतलेली होती आणि तिची पुनर्रचना करणाऱ्या समितीचे ते १९७८ पासून अध्यक्ष होते. कारकीर्द संपता संपता नव्या घटनेचे विधेयक त्यांनी स्वतः संसदेत मांडले, पण ते संमत झाले नाही. मे १९८३ मध्ये त्यांनी पद सोडले आणि चार महिन्यांनी त्यांचे निधन झाले.