कोंब गळत नाहीत, पण रक्त थांबतं

‘मूळव्याध मुळापासून बरी, ऑपरेशनशिवाय, सात दिवसांत!’ एसटी स्टँडच्या भिंतीवर अशी पाटी दिसली की मला संताप येतो. लाजेपोटी डॉक्टरकडे न गेलेला माणूस नेमका तिथे जातो आणि पुडीत काय आहे हे न विचारता पैसे मोजतो. ज्या वनस्पतीच्या बाजूने खरोखर पुरावा आहे, ती मात्र कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळते. इसबगोल.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या आपल्या सगळ्यांनाच असतात. दार घट्ट मिटायला त्यांची मदत होते. मल खडा झाला, रोज कुंथावं लागलं, की त्या फुगतात, खाली सरकतात आणि खरवडून रक्त येतं. हीच मूळव्याध, आणि बाहेर आलेल्या या गाद्या म्हणजेच कोंब. तेव्हा आधी मल मऊ करायला हवा.

पेलाभर पाण्यात चमचाभर इसबगोलाची भुशी टाकून पाहा. थोड्याच वेळात पाण्याचा खळसारखा गिळगिळीत गोळा होतो, पेला कलता केला तरी तो सावकाश सरकतो. फालुद्यातला सब्जा फुगतो तसंच हे. या चिकट द्रव्याचं नाव अरॅबिनोझायलन. झायलोज या साखरेची लांब माळ आणि तिला जागोजागी फुटलेल्या अरॅबिनोज-झायलोजच्या फांद्या. झायलोजच्या मण्यांमधले बंध तोडणारं विकर आपल्याकडे नाही. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे ते असतं, पण दाट फांद्यांमुळे त्यांनाही ही माळ सहजी कुरतडता येत नाही. फळांतलं पेक्टिन हेच जिवाणू फस्त करतात आणि त्याचा गोळा विरतो. इसबगोलाचा बराचसा टिकतो. मोठं आतडं मलातलं पाणी शोषत असतं, हा गोळा मात्र आपलं पाणी शेवटपर्यंत सोडत नाही. सगळी किमया एवढीच, आणि मला ती फार सुंदर वाटते.

आता पुरावा. इसबगोलासारख्या तंतुमय पदार्थांच्या, म्हणजे फायबरच्या 7 चाचण्या, 378 रुग्ण, असा एकत्रित आढावा उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2005 साली काढला. फायबर घेणाऱ्यांत रक्तस्राव चालू राहण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर आली होती. वेदनांच्या बाबतीत मात्र ठोस फरक दिसला नाही. स्पेनमधल्या 1996 च्या एका चाचणीत 50 रुग्णांना 40 दिवस पाहिलं. पहिल्या पंधरवड्यात इसबगोल घेणारा आणि न घेणारा अशा दोन्ही गटांत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. शेवटच्या दहा दिवसांत इसबगोल घेणाऱ्यांचं रक्त खूपच कमी झालं. बाहेर आलेले कोंब मात्र होते तसेच राहिले. आठवड्यात गुण येत नाही म्हणून डबा फळीवर ठेवून देणाऱ्यांनी हे दिवस मोजावेत.

रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, असं घरी ठरवू नका. आतड्याचा कॅन्सरही असाच सुरू होऊ शकतो, म्हणून एकदा तपासून घ्याच. आणि भुशी कोरडी तोंडात टाकू नका. ती घशातच फुगून अडकू शकते. पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या, वर आणखी पाणी प्या.