खिडकीपासून सहा मीटरवर किती उजेड?

‘अख्खी इमारत काचेची आहे, म्हणजे ग्रीनच असणार.’ शिकल्यासवरल्या माणसांकडूनही हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं, आणि बिल्डरांच्या जाहिराती त्याला खतपाणी घालतात. प्रत्यक्षात काच वाढवत नेली की खिडकीलगतच्या दोन-तीन मीटरांत इतकं लख्ख होतं की तिथे बसणारा सकाळी आल्या आल्या पडदा ओढतो. एकदा ओढलेला पडदा संध्याकाळपर्यंत तसाच राहतो, आणि मागच्या टेबलांवर भर दुपारी ट्यूबलाइट लागतात. म्हणून हरित इमारतींची मानांकनं काच किती हे विचारत नाहीत. वर्षातले किती तास, मजल्याच्या किती भागात, दिवा न लावता काम करता येईल, हे ती विचारतात. तेही इमारत उभी राहण्याआधी! या प्रश्नाचं उत्तर सिम्युलेशनमधून, म्हणजे संगणकावर इमारतीचं मॉडेल बनवून केलेल्या उजेडाच्या हिशेबातून मिळतं.

डोळ्यांवर इथे विसंबता येत नाही. उजेड लक्स या एककात मोजतात. मे महिन्याच्या दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स उजेड असतो, ढगाळ दिवशी १० हजारांच्या आसपास, आणि टेबलावर लिहा-वाचायला ३०० लक्स पुरतात. तीनशेपट फरक डोळा विनातक्रार पचवतो, त्यामुळे ‘इथे भरपूर उजेड आहे’ या म्हणण्याला मोजमाप म्हणून काही किंमत नाही.

अमेरिकेतल्या ‘लीड’ या हरित इमारतींच्या मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीत २०१२ साली ठरलेली दोन मापं वापरली जातात. सकाळी ८ ते संध्याकाळी ६ असे वर्षाचे ३६५० तास धरायचे. त्यातल्या निम्म्या तासांत जिथे ३०० लक्स मिळतात, ती जागा उजेडाची. ऑफिसात अशी जागा ५५ टक्के असली तर २ गुण, ७५ टक्के असली तर ३. दुसरं माप उन्हाचं. जिथे नुसत्या थेट उन्हाचे १००० लक्स वर्षात २५० तासांहून जास्त पडतात, अशी जागा १० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आपल्याकडच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने वेगळी वाट धरली आहे. तिथे १०० ते २००० लक्स हा उपयोगी उजेडाचा पट्टा मानला आहे. म्हणजे कमी उजेड जसा बाद, तसा अतिरेकही बाद. आपल्या उन्हाच्या देशात मला ही दुसरी पद्धत जास्त समंजस वाटते.

हिशेबाची सुरुवात आकाशापासून होते, आणि सगळीकडचं आकाश सारखं नसतं. युरोपात उजेडाचं गणित पूर्ण ढगाळ आकाश धरून रुजलं. ते आकाश क्षितिजापेक्षा माथ्यावर तिप्पट उजळ असतं. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेच्या कामातून भारतीय मानकात आलेलं आकाश निरभ्र आहे: सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर, त्याचं थेट ऊन वगळून जमिनीवर ८००० लक्स. हे आकाश माथ्यापेक्षा क्षितिजाकडे जवळजवळ चौपट उजळ असतं. भिंतीतली खिडकी नेमकं हेच खालचं आकाश बघते. समोर इमारत उभी राहिली की आपला सर्वांत तेजस्वी पट्टाच झाकला जातो. सोसायटीसमोर नवा टॉवर आला की तिसऱ्या मजल्यावरच्या घरात अचानक अंधारून येतं, त्याचं हे कारण.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. जगभरातली बहुतेक उजेड-सिम्युलेशनं ‘रेडिअन्स’ नावाच्या प्रोग्रामवर चालतात. ग्रेग वॉर्ड यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तो लिहायला घेतला. डायसिम, हनीबी वगैरे नावांच्या साधनांच्या पोटात गणित याचंच असतं. त्यातली युक्ती अशी, की उजेड उलटा चालवायचा. सूर्यापासून किरण सोडत बसलो तर कोट्यवधींतला एखादाच आपल्या टेबलावर पोचेल. पण प्रकाशाचा मार्ग उलटसुलट सारखाच असतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. मग सुरुवात टेबलावरच्या बिंदूपासून करायची. तिथून वरच्या अर्धगोलात हजारभर किरण सोडायचे. एखादा किरण खिडकीतून बाहेर पडून आकाशाला भिडला, तर त्या जागेचं तेज काचेतली घट धरून नोंदवायचं. भिंतीवर आदळला, तर त्या ठिकाणाहून पुन्हा किरण सोडून भिंतीला उजेड कुठून मिळतो ते विचारायचं. असं टप्प्याटप्प्याने मागे जात राहायचं.

किती टप्पे? ही एक संख्या भरणाऱ्याच्या हातात असते. समजा, छत ७० टक्के, भिंती ५० टक्के आणि फरशी २० टक्के उजेड परतवते, आणि सगळ्यांची सरासरी ढोबळमानाने निम्मी आहे. म्हणजे पहिल्या परावर्तनात निम्मा उजेड उरतो, दुसऱ्यात पाव, तिसऱ्यात एक अष्टमांश. शाळेतली भूमिती श्रेढी. दोन टप्प्यांवर थांबलात तर परावर्तित उजेडाचा चौथा हिस्सा हिशेबातच येत नाही. पाच टप्पे घेतलेत तर जेमतेम ३ टक्के सुटतो. खिडकीजवळ याने फारसं बिघडत नाही, कारण तिथे आकाश थेट दिसतं. पण सहा मीटर आतल्या टेबलाला आकाशाची जेमतेम चीर दिसते आणि त्याचा बराचसा उजेड छतावरून येतो. तिथे घाईने केलेलं सिम्युलेशन खोलीला उगाच अंधारी ठरवतं. किरण थोडे सोडले तर उत्तर दाणेदार येतं, शेजारशेजारच्या बिंदूंत विनाकारण चढउतार दिसतात. हा दाणा निम्मा करायचा तर किरण चौपट लागतात. संगणक रात्रभर घरघरतो तो याचसाठी.

हे सगळं ३६५० तासांसाठी वेगवेगळं करायचं म्हटलं तर रात्र पुरणार नाही. त्यावरची तोड ब्रिटनच्या पीटर ट्रेगेन्झा यांनी १९८३ मध्ये सुचवली. आकाशाचे तुकडे करायचे; पुढे रूढ झालेली विभागणी १४५ तुकड्यांची: क्षितिजालगत ३०, त्यावर ३०, मग २४, २४, १८, १२, ६ आणि माथ्यावर १. प्रत्येक तुकडा एकक तेजाचा धरून तो प्रत्येक बिंदूला किती उजेड देतो, ते एकदाच काढून ठेवायचं. बिंदू ४०० असतील तर ५८,००० आकड्यांचा तक्ता तयार होतो. खोली, भिंती, काच, छज्जा, सगळं त्यात सामावलं. पुढे दर तासाला १४५ तुकड्यांचं तेज हवामानाच्या फाइलमधून (वर्षभराच्या तासातासाच्या नोंदींवरून) घ्यायचं आणि तक्त्याशी गुणायचं. पुण्या-मुंबईच्या अशा फाइली मिळतात. त्यात पावसाळ्यातलं मळभही असतं, डिसेंबरचं स्वच्छ ऊनही. किरणांचं अवघड काम एकदाच, उरलेलं वर्ष नुसता गुणाकार! मला हा विचार फार देखणा वाटतो.

मात्र या विचारात एक अडचण आहे. सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाची, आणि आकाशाचा तुकडा १०-१२ अंशांचा. सूर्याचं तेज अख्ख्या तुकड्यावर पसरलं तर कवडशाची कड पुसट होते, आणि २५० तासांचं माप चुकतं. म्हणून उन्हासाठी तुकडे आणखी बारीक करतात (२३०५ पर्यंत) किंवा सूर्याची जागा स्वतंत्रपणे मोजतात. पडद्यांचाही नियम आहे. एखाद्या तासाला २ टक्क्यांहून जास्त बिंदूंवर थेट ऊन पडलं की त्या तासापुरता पडदा ओढला, असं ३०० लक्सच्या मापात धरावं लागतं. माणसांच्या सवयीची दखल घेणारा हा नियम जाहिरातीतल्या काचेच्या इमारतींना जड जातो.

उन्हाबद्दल आणखी एक समज सर्रास आढळतो, की उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही. पुणे १८.५ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस येऊन गेला की जुलै सरेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळ तर मार्चअखेर ते सप्टेंबर तो उत्तरेकडे कललेला असतो. २१ मेला सकाळी ८ वाजता तो पूर्वेच्या सुमारे १४ अंश उत्तरेला असतो आणि उत्तरेच्या भिंतीवर घासून जाणारं ऊन पाडतो. खिडकीच्या कडेला तिच्या रुंदीच्या एकतृतीयांश खोलीची उभी पट्टी दिली की हे ऊन अडतं. दुपारी सूर्य डोक्यावर आला की साधा छज्जा पुरतो. ‘ईशान्येला खिडकी ठेवा, सकारात्मक ऊर्जा येते’ असं सांगणाऱ्या वास्तुसल्लागाराच्या गणितात यातलं काहीच नसतं. समोर दहा फुटांवर शेजाऱ्याची भिंत असली तरी त्याची ईशान्य तीच, आणि सल्लाही तोच. घरात उजेड किती येणार ते समोरची भिंत आणि तिचा रंग ठरवतात.

मॉडेल बनवताना चुका होतात त्या साध्या गोष्टींत. भिंत कागदासारखी पातळ काढली जाते आणि नऊ इंची भिंतीच्या खाचेत अडणारा उजेड फुकटात आत येतो. खिडकीची चौकट, ग्रिल, समोरची इमारत काढायची राहून जाते. काचेचा आकडा तर हमखास चुकतो. कंपनीच्या पत्रकावर ६० टक्के पारदर्शकता लिहिलेली असते, पण रेडिअन्सला हवा असतो पृष्ठभागावरचं परावर्तन वगळून काचेच्या आतून जाणारा हिस्सा. तो सुमारे १.०९ पट, म्हणजे ६५ टक्के असतो. पत्रकावरचा आकडा तसाच भरला, तर खोलीतला सगळा उजेड सुमारे ८ टक्क्यांनी कमी दिसतो. अहवालाची रंगीत चित्रं बघण्याआधी त्याच्या शेवटच्या पानांवरचे हे आकडे बघावेत: काच, छताचा रंग, परावर्तनाचे टप्पे, हवामानाची फाइल.

इमारत उभी राहिल्यावर सिम्युलेशन पडताळायचं असेल, तर पूर्ण ढगाळलेला दिवस निवडावा आणि दोन लक्स मीटर घ्यावेत, एक गच्चीवर, एक टेबलावर. नुसता आतला आकडा काही सांगत नाही, कारण ढग सरकला की तो पाच मिनिटांत दुप्पट होतो. दोन्ही मीटर एकाच मिनिटाला वाचून आतल्या आकड्याला बाहेरच्याने भागायचं. गच्चीवर १०,००० आणि सहा मीटर आतल्या टेबलावर १०० आले, तर गुणोत्तर १ टक्का. त्याच बिंदूसाठी ढगाळ आकाश धरून काढलेलं सिम्युलेशनचं गुणोत्तर ३ टक्के असेल, तर मॉडेलमध्ये काहीतरी काढायचं राहिलेलं आहे. शोध बहुधा समोरच्या इमारतीपासून सुरू करावा लागतो.